गाय उलटते, तेव्हा गव्हाण तपासा

पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही दूध संकलन केंद्रावर सकाळी सात वाजता दहा मिनिटे उभे राहिले, की एक वाक्य कानावर पडतेच: ‘परत उलटली.’ कॅन रिकामा करून, फॅटची पावती खिशात घालता घालता एकाने दुसऱ्याला सांगितलेले हे दोन शब्द. गायीला रेतन केले, पण ती गाभण राहिली नाही आणि एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर आली, याला गोठ्याच्या भाषेत गाय ‘उलटणे’ म्हणतात. एकदा उलटली तर कोणी फारसे मनावर घेत नाही. दुसऱ्यांदा उलटली, की रेतन करणाऱ्याला दोष मिळतो. तिसऱ्यांदा उलटली, की रेतमात्रेला. चौथ्यांदा उलटली, की गायीचे नशीबच खोटे ठरते. या सगळ्यात एका जागेकडे मात्र कोणी बोट दाखवत नाही. ती जागा म्हणजे गायीच्या तोंडापुढची गव्हाण.

गेल्या काही दशकांत पशुविज्ञानाने जे शोधून काढले आहे, ते थोडक्यात असे: गाय गाभण का राहत नाही, याचे उत्तर अनेकदा गर्भाशयात नसते. ते रक्तातल्या साखरेत, कॅल्शियममध्ये आणि यकृतावर साचलेल्या चरबीत असते. आणि ते रेतनाच्या दिवशी नव्हे, तर त्याच्या दोन-तीन महिने आधी, गाय विण्याच्या आगेमागे लिहिले गेलेले असते. विण्याआधीचे तीन आठवडे आणि विल्यानंतरचे तीन आठवडे, या सहा आठवड्यांना पशुवैद्यकात संक्रमणकाळ म्हणतात. पुढच्या वर्षभराचा हिशेब या काळात ठरतो. आपली सगळी व्यवस्था मात्र, म्हणजे दवाखाने, शिबिरे, सरकारी उद्दिष्टे आणि शेतकऱ्याचा खिसाही, हा काळ उलटून गेल्यावर जागी होते.

आधी कॅल्शियमचे पाहू. गायीच्या रक्तद्रवात एका वेळी साधारण ३ ग्रॅम कॅल्शियम असते. एक लिटर चिकात ते दोन ग्रॅमच्या आसपास जाते. म्हणजे विल्यानंतर पहिल्याच दिवशी दहा लिटर चीक निघाला, तर रक्तात आहे त्याच्या सहा-सात पट कॅल्शियम कासेतून बाहेर पडले. एवढी तूट भरून काढायची, तर हाडांतून कॅल्शियम सोडावे लागते आणि आतड्यातून अधिक शोषावे लागते. ही यंत्रणा जागी व्हायला एक-दोन दिवस लागतात. तेवढ्यात रक्तातली पातळी फार घसरली, तर गाय बसते, कान गार पडतात, मान पोटाकडे वळवून ती सुस्त पडून राहते. हा दुग्धज्वर. नावात ज्वर असला, तरी ताप नसतो. उलट अंग थंड पडते.

या आजाराची कथा विज्ञानाच्या इतिहासात मोठी मौजेची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपात दुग्धज्वराने गायी मरत. १८९७ मध्ये डेन्मार्कमधील कोल्डिंग गावचे पशुवैद्य श्मिट यांनी सडांतून कासेत औषधाचे द्रावण भरले आणि गायी उठू लागल्या. पुढे लक्षात आले, की औषधाचीही गरज नाही. कासेत पंपाने नुसती हवा भरली तरी गाय उठते. का उठते, हे मात्र बरीच वर्षे कोणाला सांगता येत नव्हते. १९२५ मध्ये स्कॉटलंडमधील ड्रायर आणि ग्रेग यांनी या आजाराचा संबंध रक्तातल्या कॅल्शियमच्या घसरणीशी जोडला, आणि कोडे सुटले. हवेने फुगलेल्या कासेत दूध उतरणे थांबते, त्यामुळे कॅल्शियमची गळती थांबते. आज शिरेतून कॅल्शियम दिले, की बसलेली गाय तासाभरात उभी राहते. गोठ्यातल्या सगळ्यांना हा चमत्कार वाटतो आणि विषय तिथेच संपतो.

खरे तर विषय तिथे सुरू होतो. बसलेल्या एका गायीमागे अशा कितीतरी गायी असतात, ज्यांचे कॅल्शियम घसरलेले असते, पण त्या उभ्या असतात. त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. कॅल्शियम नुसते हाडांसाठी नसते. प्रत्येक स्नायूच्या आकुंचनाला ते लागते. ते कमी पडले, की गर्भाशयाच्या कळा मंद होतात. कोटीपोटाची हालचाल मंदावते, त्यामुळे भूक मरते. सडाच्या टोकाची छिद्रे नीट मिटत नाहीत, म्हणून दगडीचा धोका वाढतो. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही कामाला कॅल्शियम लागते, त्याही ढिल्या पडतात. मग वार अडकते, गर्भाशयात पू होतो, आणि दोन महिन्यांनी ‘गाय स्वच्छ माज दाखवत नाही’ अशी तक्रार येते. तोवर विण्याच्या रात्री काय घडले होते, हे सगळे विसरलेले असतात.

दुसरी तूट ऊर्जेची. विल्यानंतर दूध झपाट्याने वाढते आणि साधारण चार ते आठ आठवड्यांत शिखर गाठते. भूक मात्र इतक्या वेगाने वाढत नाही; तिचे शिखर दहाव्या ते चौदाव्या आठवड्याच्या आसपास येते. मधल्या काळात गाय खाते त्यापेक्षा जास्त देते. एक लिटर दुधासाठी तिला सुमारे ७२ ग्रॅम ग्लुकोज लागते. वीस लिटर दूध देणाऱ्या गायीला निव्वळ दुधापोटी रोज जवळपास दीड किलो साखर हवी. आणि रवंथ करणाऱ्या जनावराची गंमत अशी, की त्याने खाल्लेली साखर आणि पिठूळ पदार्थ बहुतांशी कोटीपोटातले सूक्ष्मजीवच फस्त करतात. गायीला लागणारे ग्लुकोज तिच्या यकृताला, सूक्ष्मजीवांनी मागे ठेवलेल्या आम्लांपासून, रोज नव्याने तयार करावे लागते. विलेल्या गायीला आपल्याकडे मायेने बाजरी, मेथी, गूळ घालतात. ती माया खरीच. पण गूळ खाल्ला म्हणजे रक्तात साखर चढली, हा माणसाचा हिशेब गायीला लागू होत नाही.

तूट भरायला गाय अंगावरची चरबी वितळवते. इथपर्यंत सगळे निसर्गाच्या योजनेनुसारच चाललेले असते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे डेल बाउमन आणि ब्रूस करी यांनी १९८० मध्ये ही योजना नेमकेपणाने मांडली: विल्यानंतर मादीचे सगळे शरीर कासेच्या सेवेला लागते. इन्सुलिन घटते, स्नायू आणि चरबीच्या पेशी त्याला दाद देईनाशा होतात, आणि वाचलेले ग्लुकोज कासेकडे वळते. वासराला जगवण्यासाठी आईने स्वतःला झिजवावे, अशी ही रचना आहे. फक्त ती एका वासरासाठी होती. माणसाने निवड करकरून गायीचे दूध वासराच्या गरजेच्या कितीतरी पट वाढवले. झिजण्याची योजना तीच राहिली.

चरबी प्रमाणाबाहेर वितळली, की ती यकृतात साठते. यकृताला ती पुरती जाळता येत नाही, आणि अर्धवट जळालेल्या चरबीतून किटोन तयार होतात. हा किटोसिस, म्हणजेच कितनबाधा. गाय खुराक सोडून कडबा चघळत बसते, दूध घटते, अंग झरझर उतरते, काही गायींच्या श्वासाला गोडसर वास येतो. पण दुग्धज्वराप्रमाणेच इथेही दिसणारे थोडे आणि लपलेले फार. रक्तातील बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट या किटोनचे प्रमाण १.२ मिलिमोलच्या वर गेले, की गायीला छुपा किटोसिस आहे असे धरतात. ती गाय बाहेरून धडधाकट दिसते. दूधही बऱ्यापैकी देत असते. शेतकऱ्याच्या लेखी ती गोठ्यातली सर्वांत चांगली गाय असू शकते.

आता हे सारे अंडाशयापर्यंत कसे पोचते ते पाहू. कारण वादाचा मुद्दा तिथेच आहे. इन्सुलिन कमी आणि ग्लुकोज कमी, ही मेंदूच्या दृष्टीने उपासमारीची खूण. उपासमारीत पुढचे पोर नको, हा निसर्गाचा जुना नियम. त्यामुळे मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संप्रेरकांचे आदेश मंदावतात. बीजपुटक वाढते, पण फुटत नाही. माज लांबतो. शिवाय भरपूर दूध देणाऱ्या गायीच्या यकृतातून रक्त इतके वेगाने फिरते, की माज दाखवणारे संप्रेरक तिथे लवकर नष्ट होते. एरवी बारा ते अठरा तास टिकणारा माज काही तासांवर येतो, आणि तोही रात्री येऊन जातो. हाच मुका माज. ‘गाय माजावरच येत नाही’ या तक्रारीतल्या अनेक गायी प्रत्यक्षात माजावर येऊन गेलेल्या असतात.

याहून महत्त्वाची गोष्ट अंड्याची. रेतनाच्या दिवशी जे अंडे बाहेर पडते, ते त्या दिवशी तयार झालेले नसते. त्याच्या पुटकाची वाढ दोन-तीन महिने आधी सुरू झालेली असते. अमेरिकेतील जॅक ब्रिट यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला असे मांडले, की विल्यानंतरच्या उपासमारीत वाढू लागलेल्या पुटकांवर त्या दिवसांची खूण राहते, आणि तिचा परिणाम ऐंशी-शंभर दिवसांनी दिसतो. पुढे बेल्जियममधील संशोधकांनी पुटकातील द्रव तपासला. रक्तात वाढलेली मेदाम्ले आणि किटोन त्या द्रवातही उतरतात, आणि प्रयोगशाळेत अंड्यांना तशाच परिस्थितीत ठेवले तर त्यांची वाढ बिघडते, असे त्यांना आढळले. शेतकरी गाय साधारण साठ ते नव्वद दिवसांनी भरवतो. म्हणजे ज्या अंड्यावर त्याची सारी भिस्त असते, त्याने नेमके वाईटातले वाईट दिवस पाहिलेले असतात. रेतन करणारा कुशल, रेतमात्रा उत्तम, वेळ अचूक. तरीही गाय उलटते, आणि बदनाम होतो रेतन करणारा.

यातून एक दुष्टचक्र तयार होते. गाभण राहायला उशीर झालेली गाय दीर्घकाळ कमी दुधावर किंवा भाकड राहते. या काळात तिच्या अंगावर चरबी चढते. अंगाने भरलेली गाय पाहून मालकाला बरे वाटते. पण विताना जास्त लठ्ठ असलेल्या गायीची भूक विल्यावर अधिकच मंदावते, तिची चरबी अधिक वेगाने वितळते, यकृत अधिक भरते. पुन्हा किटोसिस, पुन्हा वार, पुन्हा उलटणे. म्हणजे वंध्यत्व हा चयापचयाच्या बिघाडाचा परिणाम तर आहेच, पण पुढच्या बिघाडाचे कारणही आहे. हे चक्र इंजेक्शनने तुटत नाही.

याची किंमत कोण मोजतो? गायीचा गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा. वर्षाला एक वासरू हवे असेल, तर विल्यानंतर ८५ दिवसांच्या आत ती गाभण राहायला हवी. प्रत्येक वेळी उलटली, की २१ दिवस पुढे. समजा, गायीचा चारा-खुराक रोज दीडशे रुपयांचा आहे आणि ती चारदा उलटली. ८४ दिवसांचे १२ हजार ६०० रुपये होतात. हे दिवस वेताच्या शेवटी वाढतात, जेव्हा गाय खाते पुरेपूर आणि दूध देते नावापुरते. शिवाय रेतनाचे, डॉक्टरांच्या भेटींचे, औषधांचे पैसे वेगळे. आणि पुढच्या वेताचे भर दूध तीन महिने लांबले, ते आणखी वेगळे. दोन-तीन गायींवर घर चालवणाऱ्या कुटुंबात हा पैसा म्हणजे मुलांची फी आणि सोसायटीच्या कर्जाचा हप्ता असतो. आणि त्या गायींचे शेण काढण्यापासून धारा काढण्यापर्यंतचे काम बहुतेक घरांत बाईच्या वाट्याला येते. भाकड गायीचे शेण काही कमी पडत नाही.

त्यात भाकड गायीला गिऱ्हाईक उरलेले नाही. राज्यात गायीच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यापासून बंदी आहे. २०१५ पासून ती बैल आणि वळूंनाही लागू झाली, आणि जनावरांची ने-आण हाच जोखमीचा विषय बनला. कायदा योग्य की अयोग्य, हा इथला प्रश्न नाही. प्रश्न असा, की ज्या राज्यात गाय शेवटपर्यंत सांभाळायची आहे, तिथे ती भाकड होऊ नये याची काळजी इतर कोणाहीपेक्षा जास्त घ्यायला हवी. ती घेतली जाते का?

घेतली जाते, पण चुकीच्या टोकाकडून. पशुसंवर्धन खाते वंध्यत्व निवारण शिबिरे घेते. ती उपयोगाची आहेत. अनेक गायींचे दोष तिथे कळतात. पण शिबिरात पोचते ती तीन-चारदा उलटलेली गाय. तिची गर्भाशय तपासणी होते, संप्रेरकाचे इंजेक्शन दिले जाते, कधी गर्भाशयात प्रतिजैविक सोडले जाते. तिला विताना काय झाले, भाकडकाळात ती काय खात होती, विल्यावर किती उतरली, हे प्रश्न घाईत राहून जातात. रेतनाचेही तसेच. कामाचे मोजमाप किती रेतने केली यावर होते. किती वासरे जन्मली यावर नाही. चारदा उलटलेली गाय या हिशेबात चार कामांची नोंद देते आणि पहिल्या रेतनाला गाभण राहिलेली गाय एकाची. अशा मोजपट्टीने कोणाला गव्हाणीत डोकावावेसे वाटेल?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला: संकरित गाय आणली म्हणूनच हे भोग वाट्याला आले, देशीकडे परत चला. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचनला ‘बाएफ’ उभारली आणि पुढे गोठवलेले रेत घेऊन रेतन करणारा शेतकऱ्याच्या दारात पोचला. त्या संकराने कोरडवाहू गावांतही रोजचा पैसा आणला, हे विसरून चालणार नाही. देशी गाय काटक आहे, उन्हात टिकते, हे खरेच. पण दूध विकून घर चालवणाऱ्याला तिच्या दुधाचा आकडा पुरत नाही. दुसरा आक्षेप: जास्त दूध म्हणजे वंध्यत्व आलेच. तेही पुरते खरे नाही. ज्या कळपांत आहार आणि निगा चोख असते, तिथे भरपूर दूध देणाऱ्या गायी वेळेवर गाभण राहतात, असा अनुभव अनेक देशांत आहे. दूध हा रोग नव्हे. दुधाच्या मागणीला न पुरणारे खाणे, हा रोग आहे. संकरित गाय आपण आणली. तिला लागणारी व्यवस्था आणली नाही.

ती व्यवस्था फार महाग आहे असेही नाही. सुरुवात भाकडकाळापासून. दूध नाही म्हणून या गायीला गोठ्यातले उरलेसुरले घातले जाते: उसाचे वाढे, वाळला कडबा, पेंड बंद. उसाच्या वाढ्यात ऑक्झलेट असते आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवते. पोटातले वासरू मात्र याच शेवटच्या दोन महिन्यांत सर्वांत वेगाने वाढत असते. मग गाय व्याली, की दुधाच्या आशेने भरडा आणि गोळी पेंडेचे घमेले एकदम भरले जाते. कोटीपोटाला त्याची सवय नसते, आम्ल वाढते, रवंथ थांबतो, आणि भूक हवी तेव्हाच मरते. याउलट विण्याआधी तीन आठवडे खुराक थोडा थोडा सुरू केला आणि विल्यावर दर दोन-तीन दिवसांनी अर्धा किलो या बेताने वाढवला, सोबत चांगली वाळली वैरण किंवा मुरघास ठेवला, तर कोटीपोट तयार राहते. कॅल्शियमबाबत तर उलटी समजूत रूढ आहे. विण्याआधी कॅल्शियमच्या बाटल्या पाजल्या, की हाडांतून कॅल्शियम सोडणारी यंत्रणा सुस्तावते आणि ऐनवेळी दगा देते. ते द्यायचे विल्यावर. आधी काय द्यायचे, ते पशुवैद्याला विचारून.

गायीच्या अंगाकडे पाहायलाही पैसे लागत नाहीत. १ ते ५ च्या शरीर गुणांकात विताना गाय ३ ते ३.५ च्या दरम्यान असावी. म्हणजे कमरेची हाडे टोचतही नाहीत आणि शेपटीच्या मुळाशी चरबीच्या वळ्याही नाहीत. विल्यानंतर अर्ध्या गुणाहून जास्त उतरली, तर धोका. मोबाइलवर दर पंधरा दिवसांनी त्याच जागेवरून मागचा फोटो काढला, तरी गाय किती झपाट्याने उतरते आहे ते कळते.

आणखी एक साधन तर रोज हातात येते: फॅटची पावती. दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या मापावर ठरतो, त्यामुळे फॅट वाढली की शेतकरी खूश होतो. पण नुकत्याच विलेल्या गायीच्या दुधात, चीक संपल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, फॅट एकाएकी उंच गेली, तर ती फॅट चाऱ्यातून आलेली नसते. गाय स्वतःची चरबी वितळवून दुधात ओतत असते. फॅट आणि प्रथिनांचे गुणोत्तर दीडच्या आसपास किंवा त्यावर गेले, तर छुप्या किटोसिसची शंका घ्यावी. उदाहरणार्थ, फॅट ४.८ आणि प्रथिने ३.०, म्हणजे गुणोत्तर १.६. ज्या पावतीवर दोन पैसे जास्त मिळाले म्हणून समाधान मानले, त्याच पावतीवर पुढच्या चार वेळा उलटण्याची आगाऊ सूचना छापलेली असते. संघांनी एवढे केले तरी पुरे: प्रत्येक विलेल्या गायीच्या दुधाचा स्वतंत्र नमुना दुसऱ्या आठवड्यात फुकट तपासून द्यावा, आणि शंका आली तर लघवीची किटोन तपासणी करावी. संघाचे यंत्र आहे, माणूस आहे, गायही रोज दूध पाठवतेच आहे.

शेवटी पैदाशीचा प्रश्न. नॉर्वेने १९७० च्या दशकातच वळू निवडताना त्याच्या मुलींच्या दुधाबरोबर त्यांची प्रजननक्षमता आणि आरोग्यही मोजायला सुरुवात केली. त्यासाठी पशुवैद्याच्या उपचारांची नोंद प्रत्येक गायीच्या आरोग्यपत्रावर होऊ लागली. अमेरिकेने फक्त दूध पाहिले. तिथे होल्स्टीन गायींची गर्भधारणा दशकानुदशके घसरत गेली, आणि २००३ मध्ये मुलींच्या गाभण राहण्याचा निकष निवडीत आल्यानंतर ती सावरू लागली. आपल्याकडे गायीच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला आला आहे. लसीकरण आणि रेतनाची नोंद त्यावर होते. त्याच क्रमांकावर दुग्धज्वर, किटोसिस, वार अडकणे यांचीही नोंद झाली, तर कोणत्या वळूच्या मुली इथल्या उन्हात, इथल्या चाऱ्यावर टिकतात हे दहा वर्षांत कळेल. वासरू कोणत्या वळूचे हवे हे आज शेतकरी फक्त दुधाचा आकडा ऐकून ठरवतो, कारण दुसरा आकडा त्याला कोणी दिलेलाच नाही.

सरकारने करायची गोष्ट एकच, पण मोजपट्टी बदलणारी आहे. रेतनांची संख्या मोजणे थांबवून वासरे मोजावीत. गाय चौथ्यांदा उलटल्यावर होणाऱ्या भेटीऐवजी, ती विण्याआधी तीन आठवड्यांनी होणाऱ्या भेटीसाठी पशुवैद्याला पैसे द्यावेत. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने संतुलित आहाराचा कार्यक्रम गावोगावच्या प्रशिक्षित माणसांमार्फत राबवून पाहिलेला आहे. गायीचे दूध, वजन आणि घरात असलेला चारा यांवरून स्वस्तातला पुरेसा आहार काढून देणे शक्य आहे, हे त्यातून दिसले. संक्रमणकाळातल्या गायीपासून तो पुन्हा सुरू करता येईल.

शहरात पिशवी फोडून दूध उकळत ठेवणाऱ्याला गाय उलटली काय आणि न उलटली काय, याचा पत्ता नसतो. पण ती पिशवी रोज येत राहते, ती कुठेतरी एक गाय दरवर्षी वेळेवर व्याली म्हणून. ती वेळेवर विण्यासाठी लागणारी काळजी ती भाकड असताना घ्यावी लागते: तिच्याकडून काहीच मिळत नसते आणि गव्हाणीत मूठभर पेंड टाकतानाही जिवावर येते, त्या दिवसांत. उद्या संकलन केंद्रावर कोणी ‘परत उलटली’ म्हणाले, तर त्याला पहिला प्रश्न ‘रेतन कोणी केले?’ हा विचारू नये. ‘विण्याआधी काय खात होती?’ हा विचारावा.